रिकामं घमेलं कोण दाखवणार?

माझ्या नऊ वर्षांच्या भाच्याला पंधराव्या मिनिटाला सोनं सापडलं. ऑस्ट्रेलियातल्या बॅलरॅट शहरात सॉव्हरिन हिल नावाचं उघड्या माळावरचं संग्रहालय आहे, तिथल्या नाल्याकाठी तो उकिडवा बसला होता. पसरट पॅनमध्ये खडी घेतली, पाणी घेतलं, शेजारच्या माणसानं दाखवलं तसं गोल गोल हलवत वरचं पाणी सांडत गेला आणि शेवटी तळाशी उरलेल्या काळसर रेतीत मोहरीहूनही बारीक असा एक पिवळा कण दिसला. "आजी, बघ! सोनं!"

आईनं चष्मा वर सरकवून तो कण पाहिला. "अरे, झारेकरणी असंच करायच्या," ती म्हणाली. तिचं माहेर लालबागचं. झवेरी बाजारात सोनारांच्या दुकानांपुढची धूळ झाडून नेणारी, गटारातला गाळ घमेल्यात धुऊन त्यातून सोन्याची कणी काढणारी माणसं तिनं लहानपणी पाहिली होती. "पण त्यांना रोज नसे मिळत," असंही ती म्हणाली. त्या एका वाक्यावर मी गेले तीन महिने विचार करते आहे.

सॉव्हरिन हिलच्या नाल्यात मात्र रोज मिळतं, कारण तिथलं सोनं संग्रहालयच टाकतं. यात लपवाछपवी काही नाही, ते स्वतःच तसं सांगतात. सोनं खरं, धुण्याची पद्धत खरी, फक्त निराशा तेवढी काढून टाकलेली. माझं म्हणणं असं की निराशा हीच त्या काळातली सगळ्यांच्या वाट्याला आलेली गोष्ट होती, आणि ती वगळली की बॅलरॅटमध्ये पुढे जे घडलं ते कळेनासं होतं.

ही जागा मला मनापासून आवडते, हे आधीच सांगते. मेलबर्नहून बॅलरॅट सुमारे ११० किलोमीटर. आमच्याकडे भारतातून आलेल्या बहुतेक पाहुण्यांना मी तिथे नेलं आहे आणि दर वेळी स्वतःही काही नवं पाहून आले आहे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी हे संग्रहालय सुरू झालं आणि आजही एक ना-नफा संस्था ते चालवते. १८५१ साली इथे सोनं सापडलं, त्यानंतरच्या दहाएक वर्षांतलं बॅलरॅट तिथे पुन्हा उभं केलं आहे. तंबूंची वस्ती, मग लाकडी दुकानांचा रस्ता, हॉटेलं, छापखाना, शाळा, नाटकगृह, आणि टेकडीच्या पोटात खाण. वस्तू काचेआड ठेवून खाली पाटी लावण्याचा प्रकार इथे फारसा नाही. चाकं बनवणाऱ्याच्या कारखान्यात आरे तासले जातात, भट्टीत तापवलेली लोखंडी धाव लाकडी चाकावर चढते आणि पाणी पडलं की चर्र करत आवळते. आमच्याकडे बैलगाडीच्या चाकाला धाव चढवताना ज्यांनी पाहिलं आहे त्यांना तो आवाज ओळखीचा वाटेल. पत्र्याची भांडी, मेणबत्त्या, उकळत्या साखरेच्या पाकातून रासबेरीच्या गोळ्या, असं सगळं डोळ्यांदेखत होतं. एका खोलीत सुमारे तीन किलो सोनं वितळवून त्याची लगड ओतून दाखवतात. शाळांची मुलं तर दोन-दोन दिवस त्या काळचे कपडे घालून त्या काळच्या वर्गात बसतात. पुस्तकातल्या धड्यातून जे होत नाही ते या दोन दिवसांत होतं, यावर माझा विश्वास आहे.

आई कुठे थांबली ते सांगितलं पाहिजे. खाणीजवळच्या इमारतीत वाफेची इंजिनं अजून चालवतात. लाकडं जाळून बॉयलर तापवलेला असतो, मोठं चाक फिरत असतं आणि तेलाचा, गरम लोखंडाचा वास येत असतो. आई तिथून हलेना. तिचे वडील, आमचे आजोबा, गिरणीत साचाखात्यात, म्हणजे मागांवर कापड विणणाऱ्या खात्यात होते. "तात्यांच्या सदऱ्याला हाच वास यायचा," ती म्हणाली. बॉयलरपाशी उभ्या असलेल्या कामगारानं तिला हातानं खूण करून जवळ बोलावलं आणि वाफ कुठून कुठे जाते ते दाखवलं. भाषा दोघांचीही वेगळी, पण आईला सगळं समजलं. जिवंत संग्रहालय म्हणजे काय, हे मला त्या दहा मिनिटांत कळलं. यंत्र चालू असेल तरच त्याला वास असतो.

म्हणूनच नाल्यातल्या त्या हमखास कणाबद्दल मला वाद घालावासा वाटतो. ज्या संस्थेनं वास जपला तिला रिकामेपणही जपता आलं असतं.

बॅलरॅटचं सोनं सुरुवातीला वरच्या थरात होतं, पण ते लवकर संपलं. नंतरचं सोनं जुन्या, गाडल्या गेलेल्या नद्यांच्या पात्रात होतं, जमिनीखाली तीस-चाळीस मीटर आणि पुढे त्याहूनही खोल. तिथवर पोचायचं तर आठ-दहा जणांनी टोळी करायची, विहिरीसारखा खड्डा खणायचा, माती ढासळू नये म्हणून त्याला लाकडाच्या फळ्या मारायच्या आणि झिरपणारं पाणी रात्रंदिवस उपसायचं. एक खड्डा पुरा व्हायला कित्येक महिने लागत. तळाशी पोचल्यावर कळे की नदीचं पात्र दहा हात बाजूनं गेलं आहे. अशा कोरड्या खड्ड्याला ते लोक ‘डफर’ म्हणत. आपण हा शब्द वर्गातल्या मागच्या बाकावरच्या मुलासाठी वापरतो, तिथे तो सहा-आठ महिन्यांच्या मेहनतीसाठी होता.

आता यात सरकारच्या परवान्याची भर घाला. १८५१ पासून खाणीवर काम करणाऱ्या प्रत्येकाला महिन्याला ३० शिलिंग भरून परवाना घ्यावा लागे. सोनं मिळो न मिळो, पैसे द्यायचेच. पुढे रक्कम थोडी उतरवली, तत्त्व तेच राहिलं. आज ज्याच्या हाती काही लागलं त्याच्यावर हा कर नव्हता, तर जो खणतो त्याच्यावर होता. मातीत उतरलेल्या माणसाला पोलीस वर बोलवत, कागद भिजलेला किंवा तंबूत राहिलेला असला तर बेड्या ठोकत. पोलीस येताना दिसले की वस्तीभर "जो! जो!" अशी आरोळी उठे. चार्ल्स जोसेफ ला ट्रोब या तेव्हाच्या लेफ्टनंट गव्हर्नरच्या नावावरून ती पडली होती. १८५४ मध्ये नवा गव्हर्नर हॉथम यानं ही झडती आठवड्यातून दोनदा घ्यायचा हुकूम काढला. त्याच सुमारास खाणीवरच्या एका तरुणाचा खून झाला, संशयित हॉटेलवाला सुटला आणि लोकांनी त्याचं युरेका हॉटेल जाळलं. ३० नोव्हेंबरला बेकरी हिलवर दक्षिणेच्या क्रूस नक्षत्राच्या झेंड्याखाली शेकडो लोकांनी एकमेकांच्या पाठीशी उभं राहण्याची शपथ घेतली. ३ डिसेंबर १८५४, रविवारी पहाटे सैनिक आणि पोलीस चालून आले. खाणकामगारांनी उभारलेलं लाकडी ओंडक्यांचं कुंपण फार तर वीस मिनिटं टिकलं. खाणकामगारांपैकी किमान बावीस जण मेले, सैनिकांपैकी पाच-सहा.

नंतर तेरा जणांवर राजद्रोहाचे खटले चालले आणि ज्यूरीनं तेराही जणांना सोडलं. त्यातला पहिला सुटलेला जॉन जोसेफ हा अमेरिकेतून आलेला काळा माणूस होता. मासिक परवाना गेला आणि वर्षाला एक पौंडाचा खाणकामगार-हक्क आला. त्याबरोबर मताचा अधिकार आला. सोन्याच्या निर्यातीवर कर बसला, म्हणजे ज्याला मिळालं त्यानं द्यायचं. उठावाचा पुढारी पीटर लॅलर, ज्याचा एक हात त्या पहाटे गेला, तो वर्षभरात विधिमंडळात बसला. १८५६ मध्ये व्हिक्टोरियानं, म्हणजे बॅलरॅट ज्या वसाहतीत येतं तिनं, गुप्त मतदान सुरू केलं.

ऑस्ट्रेलियात युरेकाच्या या उठावाला लोकशाहीची पहाट म्हणतात. सॉव्हरिन हिलमध्येही लाल डगल्यातले शिपाई रस्त्यातून कवायत करतात, बंदुकांचे बार काढतात आणि मुलं टाळ्या वाजवतात. भाच्यानंही वाजवल्या. संध्याकाळी गाडीत मी त्याला विचारलं, "लोक सरकारवर इतके का चिडले होते रे?" तो थोडा वेळ विचार करून म्हणाला, "त्यांचं सोनं काढून घेत होते म्हणून." इतक्या चलाख मुलाचं हे उत्तर अर्धंच बरोबर आहे आणि चूक त्याची नाही. दुपारी नाल्यावर त्याला जे समजलं होतं त्यातून हेच उत्तर निघतं. तिथे प्रत्येकाच्या पॅनमध्ये सोनं असतं, तेव्हा भांडण सोन्यावरून झालं असणार. खरं तर भांडण सोनं नसलेल्या पॅनवरून झालं. ज्याच्या हातात काही नाही त्याच्याकडून पैसे मागितले गेले, म्हणून. नाला आणि शिपाई यांच्यामधलं अंतर चालत पाच मिनिटांचं, पण दोघांना जोडणारा धागा तेवढा गळाला आहे.

यावर मला दोन उत्तरं मिळाली आहेत आणि दोन्ही मी हलक्यात घेत नाही. पहिलं पैशाचं. अशा संस्थेत घोडे पोसायचे असतात, बॉयलरला लाकूड लागतं, धाव चढवणारा कारागीर तयार करायला वर्षं लागतात. तिकिटं खपली नाहीत तर ही कारागिरी मरेल, आणि तिकिटं खपतात ती आनंदावर. दुसरं उत्तर मुलांचं. दिवसभर फिरून दमलेल्या मुलाला रिकामं पॅन देऊन घरी पाठवायचं का?

मला वाटतं, मुलांना आपण फार नाजूक समजतो. सापशिडीत अठ्ठ्याण्णववरून घसरून खाली आलेलं मूल पुन्हा फासा मागतं. हरणं खेळाचा भाग आहे हे त्याला आपल्यापेक्षा आधी कळलेलं असतं. नाल्यातलं सोनं बंद करा असं मी म्हणतच नाही. कमी टाका. आणि तिकिटाबरोबर प्रत्येकाच्या हाती एक परवाना द्या, त्यावर महिना लिहा, आणि नाल्यात उतरायच्या आधी त्याबद्दल काहीतरी द्यायला लावा. पिशवीतल्या रासबेरीच्या पाच गोळ्यांपैकी दोन पुरतील. मग लाल डगलेवाला येऊन परवाना मागू दे. ज्याला सोनं मिळालं त्यालाही मागू दे आणि ज्याला नाही मिळालं त्यालाही. दहा मिनिटांत नऊ वर्षांचं पोरगं तुम्हाला सांगेल की हे बरोबर नाही. लोकशाहीची पहाट त्याला त्या क्षणी कळेल, बंदुकीच्या बारानं कळणार नाही. याला खर्चही फारसा नाही, कपडे घातलेली माणसं तिथे आहेतच.

टेकडीच्या पोटातल्या खाणीत ‘वेलकम नगेट’ कसा सापडला ते दाखवतात. ९ जून १८५८ रोजी सापडलेला हा गोळा जवळपास ६९ किलोचा. अंधारात तो चकाकला की माणसं श्वास रोखतात. मीही रोखला. पण तो सापडला कुणाला? इंग्लंडमधल्या कॉर्नवॉलहून आलेल्या बावीस जणांच्या कंपनीला, जमिनीखाली सुमारे ५५ मीटरवर. नशीब काढायला आलेला एकटा माणूस आणि त्याचं पॅन हे चित्र तोवर मागे पडलं होतं. पुढच्या काही वर्षांत बॅलरॅटचे बहुतेक खाणकामगार मजुरीवर उतरले आणि सोनं भागधारकांचं झालं. तो गोळा लंडनला गेला आणि १८५९ मध्ये वितळवून त्याचे सॉव्हरिन, म्हणजे आपण ज्यांना गिन्न्या म्हणत आलो ते शिक्के पाडले. आज आपण पाहतो ती त्याची प्रतिकृती.

लॅलरची पुढची गोष्टही तिथे कुणीतरी सांगायला हवी. १८७३ साली बॅलरॅटजवळच्या क्लून्स गावी खाणकामगारांनी संप केला. खाण लोथेर कंपनीची, आणि तिच्या संचालकांत पीटर लॅलर. कंपनीनं संप फोडायला कमी मजुरीवर चिनी कामगार गाड्यांतून आणले, गावातल्या बायाबापड्यांसकट सगळ्यांनी दगड घेऊन त्यांना परतवलं. एकोणीस वर्षांपूर्वी कुंपणाआड उभा राहून हात गमावलेला माणूस आता दुसऱ्या बाजूला होता. आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये, दगड खात, ज्यांना कुणी विचारलं नव्हतं असे चिनी मजूर होते. यात कुणी सरळ नायक नाही. हे मुलांना झेपणार नाही असं मला वाटत नाही. मोठ्यांना सांगायला जड जातं, इतकंच.

चिनी लोकांची छावणी सॉव्हरिन हिलमध्ये आहे. तंबू आहेत, लहानसं देऊळ आहे, उदबत्तीचा वास आहे. दक्षिण चीनमधून आलेल्या त्या लोकांनी या देशाला ‘नवा सोन्याचा डोंगर’ असं नाव दिलं होतं. जुना डोंगर म्हणजे सॅन फ्रान्सिस्को. १८५० च्या दशकाच्या अखेरीस व्हिक्टोरियात त्यांची संख्या चाळीस हजारांच्या घरात होती. १८५५ साली, म्हणजे युरेकाच्या उठावाला वर्ष होत नाही तोच, व्हिक्टोरियानं कायदा केला की बंदरात उतरणाऱ्या प्रत्येक चिनी माणसामागे दहा पौंड भरायचे. गोऱ्यांचा अन्यायी परवाना गेला आणि त्याच हातानं चिन्यांवर डोईपट्टी बसली. मग जहाजं शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब या बंदरात माणसं उतरवू लागली, आणि हजारो लोक डोक्यावर टोपल्या, खांद्यावर कावडी घेऊन तिथून चालत निघाले. बॅलरॅटपर्यंत सुमारे चारशे किलोमीटर. पंढरीला आळंदीहून पायी जाणारा वारकरी जेवढं चालतो त्याच्या दीडपटीहून जास्त, आणि वाटेत कुणी माउली म्हणून पाणी देणारं नाही. १८५७ मध्ये बकलंड नदीकाठच्या वस्तीतून त्यांना मारून हाकललं गेलं.

तंबू आणि देऊळ पाहून बाहेर पडणाऱ्या पाहुण्यापर्यंत हे दहा पौंड किती पोचतात, याचा मला संशय आहे. आम्ही भारतीय लोक तर तिथे फोटो काढून पुढे जातो. मीही पहिल्या दोन वेळा तेच केलं. नंतर एकदा सहज लक्षात आलं की त्या काळी मी इथे आले असते तर माझा तंबू मुख्य रस्त्यावर नसता, याच बाजूला कुठेतरी असता. तेव्हापासून मी पाहुण्यांना आधी या छावणीत नेते आणि रोबची वाट सांगते, मग बाकीचं गाव.

आणि त्याही आधी ही जमीन ज्यांची होती ते वाडावुरुंग लोक. बॅलरॅट हे नावच त्यांच्या भाषेतलं, त्याचा अर्थ कोपरावर टेकून विसावायची जागा असा सांगतात. सोन्यासाठी आलेल्या लोकांना वाटा त्यांनी दाखवल्या, झाडाच्या सालीच्या झोपड्या बांधायला त्यांनी शिकवलं, पॉसम या प्राण्याच्या कातड्याच्या उबदार गोधड्या त्यांनी विकल्या. १८५१ मध्ये व्हिक्टोरियात वसाहतवाल्यांची वस्ती सत्त्याहत्तर हजारांच्या आसपास होती, दहा वर्षांत ती पाच लाखांवर गेली. नाले गाळानं भरले, चूल आणि खाणीच्या फळ्या यांसाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले. विसाव्याची जागा उरली नाही. सॉव्हरिन हिलनं वाडावुरुंगांची बाजू मांडायला सुरुवात केली आहे, हे चांगलंच आहे. पण ती मुख्य रस्त्याच्या गोष्टीत शेवटी जोडलेल्या प्रकरणासारखी वाटते. मला विचाराल तर दारातून आत गेल्यावर पहिली पन्नास पावलं झाडांमधून जावीत, तिथे खड्डा नसावा, तंबू नसावा. नंतर पहिला खड्डा दिसावा. काय खणलं गेलं ते मग आपोआप दिसेल.

मार्च २०२४ मध्ये बॅलरॅटच्याच माउंट क्लिअर भागातल्या चालू सोन्याच्या खाणीत दरड कोसळून एका कामगाराचा जीव गेला. संग्रहालयापासून हे ठिकाण काही किलोमीटरवर आहे. बॅलरॅटचं सोनं अजून भूतकाळ झालेलं नाही. जवळच्या क्रेसविकमध्ये १८८२ साली जुन्या, पाण्यानं भरलेल्या खाणीची भिंत फुटून बावीस जण बुडाले होते. या दोन तारखांमध्ये जवळपास दीडशे वर्षं आहेत. खाण म्हणजे फक्त जुन्या कपड्यांतली माणसं नव्हेत, हे एखाद्या साध्या पाटीवर लिहिलं तर पाहुण्यांचा दिवस बिघडेल असं मला वाटत नाही.

इथे कुणी म्हणेल, परदेशातल्या संग्रहालयाला इतके सल्ले देण्याचं कारण काय? कारण मला आपल्या जागा आठवतात.

बंगळुरूला नोकरी करत होते तेव्हा एका रविवारी कोलार गोल्ड फील्ड्सला गेले होते. शहरापासून साधारण शंभर किलोमीटर. १८८० पासून लंडनच्या जॉन टेलर कंपनीनं ती खाण चालवली, कॉर्नवॉलचेच खाणकामगार तिथेही आणले, आणि खाली उतरवलं ते बहुतांशी तमीळ, त्यातही मोठ्या संख्येनं दलित मजुरांना. तिथल्या चॅम्पियन रीफ खाणीची खोली तीन किलोमीटरच्या पुढे गेली. २८ फेब्रुवारी २००१ रोजी खाण बंद झाली. आठशे टनांहून जास्त सोनं तिथून निघालं. मी पाहिलं ते एवढंच: सायनाइडनं धुतलेल्या मातीचे करडे डोंगर, गंजलेले मनोरे, कामगारांच्या बुटक्या घरांच्या ओळी, आणि मारिकुप्पम स्टेशन, जिथून माणसं पहाटेच्या गाडीनं बंगळुरूला कामाला जातात. तिथे कुणी सोनं धुऊन दाखवत नाही आणि परवान्याची गोष्टही सांगत नाही. उद्या सरकारनं किंवा एखाद्या कंपनीनं तिथे पर्यटनस्थळ करायचं ठरवलं, तर पहिली गोष्ट काय बांधली जाईल? मला भीती वाटते की एक नाला बांधला जाईल, ज्यात प्रत्येकाला सोनं मिळेल. सिलिकाच्या धुळीनं छाती भरलेल्या माणसाचा खोकला कुणाच्या नकाशात नसेल.

आणि गिरणगाव. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार होते. तो रीतसर मिटलाच नाही. काळाचौकीच्या बंद गिरणीत वस्त्रोद्योग संग्रहालय करायची मुंबई महापालिकेची योजना कित्येक वर्षांची आहे. ते व्हावं, चांगलं व्हावं, साचे चालू स्थितीत असावेत, भोंगा वाजावा. पण तिथे साच्यावर झरझर कापड विणून दाखवलं आणि संपाची एक भिंत कोपऱ्यात टाकली, तर ते संग्रहालय निम्मंच होईल. बॅलरॅटनं आपला उठाव गावाच्या मधोमध आणून ठेवला, त्याचं कारण हरवलं तरी उठाव तरी ठेवला. आपण आपला संप कुठे ठेवणार आहोत? आमच्या आजीची बोरमाळ आणि कुड्या त्या वर्षी पेढीवर गेल्या त्या सुटल्याच नाहीत. मुंबईत सोनं घरातून गेलं, बॅलरॅटमध्ये जमिनीतून निघालं. पण परवान्याचे तीस शिलिंग भरताना खड्ड्याच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला जे वाटलं असेल ते आजीला चांगलंच माहीत होतं.

हे दाखवायचं तर ते सांगणारी माणसं हवीत, आणि त्यांना फार वेळ नाही. २००१ मध्ये कोलारच्या खाणीत तिशीत असलेले आज पन्नाशी ओलांडून गेले आहेत. १९८२ मध्ये साच्यावर उभे असलेले सत्तरीच्या पुढे आहेत. बॅलरॅटला ही संधी मिळाली नाही. १९७० मध्ये तिथे युरेका पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं, सगळं कागदांवरून आणि चित्रांवरून उभं करावं लागलं. आपल्याकडे ते लोक अजून बोलताहेत. आराखडा काढणाऱ्यांनी आधी त्यांच्या खोलीत जाऊन बसावं, चिमणीच्या रोषणाईचं नंतर पाहावं.

आई मुंबईला परतल्यावर तिच्या जुन्या चाळीत गेली. तात्यांबरोबर काम केलेले एक काका तिथे अजून राहतात. त्यांचं बोलणं तिनं मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठवलं, चौदा मिनिटांचं आहे. पहिली चार मिनिटं ते साचा कसा चालवायचा, सूत तुटलं की कुठे हात घालायचा ते सांगतात; आवाज चढतो, मधे हसतात. मग आई विचारते, संपात कसं केलं काका? थोडा वेळ फक्त पंख्याचा आवाज येतो. नंतर ते महिन्यांचा हिशेब सांगतात. मार्चमध्ये पितळेचा हंडा. मे महिन्यात बायको-मुलं गावी, सातारला. जूनमध्ये सायकल. गणपतीच्या आधी तिच्या कुड्या, आणि दिवाळीला काही नाही, कारण विकायला काही उरलं नव्हतं.